नुसत्या चहाचा नियम

माझा आवाज मोठा आहे, हे आधीच सांगून टाकते. वीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केल्यावर आवाज मोठा होतोच, आणि माझा तर नोकरी लागायच्या आधीपासून होता. त्यामुळे पिपरी मेघेच्या आमच्या मंडळीत नवे पुढारी तयार करायचं ठरलं आणि पास्टर प्रभाकररावांनी पहिलं नाव माझं घेतलं, तेव्हा सगळ्यांना वाटलं की आवाजासाठीच घेतलं. मलाही तसंच वाटलं.

आमची मंडळी काही फार मोठी नाही. नव्या ले-आउटमध्ये टिनाच्या छताचा एक हॉल आणि तीसेक घरं. अकरा वर्षं पास्टर फक्त आमचे होते. नव्या वर्षापासून त्यांच्याकडे हिंगणघाटकडची आणि वडनेरची अशा दोन मंडळ्या आणखी आल्या. म्हणजे महिन्यातले दोनच रविवार ते आमच्याकडे असणार. उरलेल्या दोन रविवारची उपासना, दर गुरुवारची घरची प्रार्थना, कोणी आजारी पडलं तर बघायला जाणं, कोणाचं वाजलं तर मिटवणं, हे सगळं आमचं आम्हीच करायचं होतं. त्यासाठी दोन माणसं शिकवायला घेतली. एक मी आणि दुसरे चंद्रभानकाका. काका कापसाच्या जिनिंगमधून रिटायर झालेले, स्वभावानं इतके शांत की बसल्या जागी डुलकी लागते. फेब्रुवारीच्या शेवटी मंडळीचे पंच बसून ठरवणार होते, गुरुवारची प्रार्थना कोणाच्या हाती द्यायची ते. मला ती हवी होती. खोटं कशाला बोलू? काकांच्या हातात गेली असती तर निम्मी मंडळी त्यांच्यासोबत झोपली असती.

शिकवणी दर शनिवारी दुपारी पास्टरांच्या अंगणात. मी दोनशे पानी वही घेतली, दोन रंगांचे पेन घेतले. मला वाटलं, संदेश कसा द्यायचा, हात कुठं वर करायचा, लोकांकडे कसं बघायचं ते सांगतील. पहिल्या शनिवारी पास्टरांनी आम्हाला हॉलमधल्या सतरंज्या झटकून घड्या घालायला लावल्या. वहीत काय लिहायचं ते मला कळेना, म्हणून मी तारीख लिहिली.

दुसऱ्या शनिवारी त्यांनी विचारलं, "सुरभीताई, परवा गुरुवारी प्रार्थनेला किती जण होते?"

हा प्रश्न म्हणजे माझ्या हातचा मळ. "सव्वीस. बावीस मोठे, चार लहान."

"आणि कोण नव्हतं?"

जन्मभर मी गाडीत चढलेले मोजले. थांब्यावर कोण राहिलं ते मोजायला मला महामंडळानं कधी सांगितलं नाही.

चंद्रभानकाकांचे डोळे मिटलेलेच होते. तसेच बोलले, "श्रावणची बायको नव्हती. भावना. चार गुरुवार झाले, आली नाई थे."

पास्टर म्हणाले, "बरं." एवढंच. पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. झोपलेल्या माणसानं मला मागं टाकलं होतं.

भावना आणि श्रावण हे जोडपं तीन वर्षांपूर्वी आमच्या मंडळीत आलं. पिपरीच्या पलीकडं, ले-आउट संपतात तिथं त्यांची दोन एकरांची भाजीची वाडी आहे. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, हिवाळ्यात वाटाणा. राहायलाही वाडीतच, दोन खोल्यांवर टिन टाकून. भावना फार बोलत नाही. रविवारी येते, मागं भिंतीला टेकून बसते, गाणी मात्र खड्या आवाजात म्हणते.

ती गुरुवारी का येत नाही, याचा शोध घ्यायचं मी ठरवलं. आणि इथंच माझी गाडी चुकीच्या फाट्याला लागली. मी मंडळीतल्या कौशल्याबाईंना विचारलं, माझ्या नवऱ्याला म्हणजे मुकेशला विचारलं, हॉलच्या शेजारच्या किराणावाल्यालाही विचारलं. तो तर आमच्या मंडळीतला पण नाही.

कौशल्याबाईंनी लगेच निदान केलं. "अव, तिचा नंबर येऊन राह्यला ना लिस्टमधी. कोठून करन थे नाश्ता? म्हून तोंड चुकवते."

ही नाश्त्याची भानगड सांगायला पाहिजे. गुरुवारची प्रार्थना पूर्वी हॉलमध्येच व्हायची, गेल्या पावसाळ्यापासून ती पाळीपाळीनं एकेका घरी असते. आधी नुसता चहा असायचा. मग कोणीतरी बिस्किटं ठेवली. पुढच्या घरानं चिवडा दिला. त्याच्या पुढच्या घरी तर्रीपोहे झाले. मग आलूबोंडे, मग समोसे आणि वर जिलेबी. दिवाळीनंतर कौशल्याबाईंनी स्वतःच्या घरी पाटवडी-रस्सा केला आणि कळस झाला. प्रार्थना वीस मिनिटं आणि पंगत पाऊण तास. पुढचं घर कोणाचं, यापेक्षा पुढच्या घरी काय, याचीच चर्चा जास्त. आणि यादीत एक घर सोडून नाव होतं भावनाचं.

मला सगळं एकदम लख्ख दिसलं. बिचारी भावना! आणि यावर उपायही मला लगेच सापडला. मला उपाय नेहमी लगेच सापडतात, तीच माझी खोड आहे.

त्या रविवारी उपासनेनंतरच्या सूचना वाचायचं काम माझ्याकडं होतं. आजाऱ्यांची नावं वाचली, हॉलच्या झाडलोटीची पाळी सांगितली आणि मग वही मिटून, माझ्या गाडीतल्या आवाजात म्हणाले, "आणखी एक. येत्या गुरुवारपासून घरच्या प्रार्थनेत नुसता चहा राहील. सोबत दोन बिस्किटं. बाकी काही नाही. आपल्यात असंही घर आहे ज्याले हे झेपत नाही. त्याले संकोच वाटू नये म्हणून हा नियम."

नाव मी घेतलं नव्हतं. घ्यायची गरजच पडली नाही. हॉलमधली एकूणएक मान मागच्या भिंतीकडं वळली. तिथं भावना बसली होती.

तिचा चेहरा मी नीट बघितला. रडवेला वगैरे नव्हता. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, शेजारची पिशवी उचलली आणि शेवटच्या आशीर्वादासाठी पास्टर उभे राहायच्या आत ती हॉलच्या बाहेर पडली. पाठोपाठ श्रावण. त्यांची मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. पास्टरांनी डोळे मिटले आणि आशीर्वाद दिला.

घरी जाताना मुकेश स्कूटर चालवता चालवता म्हणाला, "टिकीट फाडल्यासारखं बोलली तू. फाडलं अन् हातात देल्लं."

"मी तिच्या भल्यासाठीच बोलली ना?"

"तिनं मांगतलं होतं काय भलं?"

मी त्याच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही. पण राग त्याच्यावर नव्हता हे मला कळत होतं.

मंगळवारी माझी वर्धा–जाम गाडी होती. श्रावण आठवड्यातून दोनदा त्याच गाडीनं जामला भाजी नेतो, तिथल्या चौफुलीवरच्या ढाब्यांना देतो. एरवी तो चढला की ख्रिस्ती रिवाजानं "सलाम, ताई" म्हणतो, पोती मागं लोटतो, आणि उतरेपर्यंत वांग्यांवरच्या किडीपासून त्याच्या सासऱ्याच्या दम्यापर्यंत सगळं सांगतो. त्या दिवशी चढला आणि म्हणाला, "एक जाम. दोन लगेज."

"सलाम, श्रावणभाऊ," मी म्हणाले.

"सलाम," तो खिडकीकडं बघून म्हणाला आणि सगळ्यात मागच्या सीटवर जाऊन बसला. मी तीन वेळा मागं चक्कर मारली. गाडीत तपासायला काही नसताना तिकिटं तपासली. तो शेताकडं बघत बसला होता.

जामला पोती उतरवून झाल्यावर मात्र तो दाराशी थांबला. "ताई, एक विचारू? आमच्या घरी तुमी कवा आल्त्या?"

मी आठवून बघितलं. तीन वर्षं. त्यांच्या घरावरून गाडी नेली असेल हजारदा. पण एकदाही पाय ठेवला नव्हता.

"मंग आमाले काय झेपते न् काय नाई, हे तुमाले कोण सांगतलं?" तो म्हणाला. आवाज चढवला नाही. पोतं खांद्यावर घेतलं आणि निघून गेला. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, मागचे प्रवासी ओरडत होते. मला डबल बेल मारायचं सुचलं नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा गाडी माझ्यामुळं उभी राहिली.

त्याच संध्याकाळी मी पास्टरांच्या घरी गेले. ते अंगणात बसून वडनेरच्या मंडळीला चिठ्ठी लिहीत होते. मी सगळं सांगितलं, आणि सांगता सांगता रडले. रडणं मला शोभत नाही, नाक लाल होतं आणि आवाज आणखीच फाटतो.

"येत्या रविवारी मी सगळ्यांसमोर उभी राहून भावनाची माफी मागते," मी म्हणाले. उपाय तयारच होता.

"म्हणजे पुन्हा सगळ्या माना तिच्याकडं," पास्टर म्हणाले.

मी ओठ चावला.

"सुरभीताई, मी या भागात नवा आलो ना, त्या पहिल्याच वर्षी कोणीतरी घाईघाईत निरोप दिला, अमक्या घरचे म्हातारबुवा गेले. मी काळा कोट चढवला, सायकल मारली, दारातूनच सांत्वनाची प्रार्थना सुरू केली. डोळे उघडले तर बुवा समोर खाटेवर बसून चहा पिताहेत. ते गेले होते खरे, पण नागपूरला, नातवाला भेटायला. आणि परतही आले होते. कुठं गेले ते मी विचारलंच नव्हतं."

मी रडता रडता हसले.

"बुवा पुढं नऊ वर्षं जगले आणि नऊ वर्षं मला 'या, मयतीवाले पास्टर' म्हणत राहिले. तर तुम्ही भावनाकडं जा. सोबत डबा नको, फळं नकोत. पहिल्या झटक्यात प्रार्थनाही करू नका. बसा आणि विचारा."

"काय विचारू?"

"जे माहीत नाही ते."

हे एक वाक्य मी वहीत लिहिलं. दोनशे पानी वहीतलं ते पहिलं कामाचं वाक्य.

गुरुवारी माझी साप्ताहिक सुटी होती. दुपारी तीन वाजता मी पायीच वाडीवर गेले. हात रिकामे, म्हणून चालताना त्यांचं काय करावं तेच कळत नव्हतं. भावना वांग्यांच्या ओळीत वाकलेली होती, कमरेला ओटा म्हणजे पदराची झोळी बांधलेली. मला बघून तिनं मान वर केली, पण हात थांबवले नाहीत.

"या," ती म्हणाली. "बसाले काई नाई इथं."

"मी उभीच बरी."

मी तिच्या शेजारच्या ओळीत शिरले आणि एक वांगं ओढलं. अर्धी फांदीच हातात आली.

"तसं नोका ओढू! देठ ठेवून पिळा थोडसं. अन् काटे असते, पदर गुंडाळा हाताले."

मी पिळलं. निघालं. आणखी चार तोडली आणि मग म्हणाले, "भावना, चुकलं माझं."

"हं."

"मी न विचारता बोलले. मला वाटलं, नाश्त्याचं ओझं होतं म्हणून तू येत नव्हतीस."

भावना सरळ उभी राहिली. पहिल्यांदाच तिला मी एवढं बोलताना ऐकलं. "नाश्त्याचं? ताई, शुक्रवारी बाजार असते. आधी माल थोडा होता, येत होती कशीबशी; आता गुरुवारी दुपारपासून अंधार पडेपर्यंत आमी दोघंच तोडा करतो. सहा वाजता कोणाच्या घरी कशी येऊ? वांगे झाडावर सोडू काय?"

एवढं साधं कारण. आग रामेश्वरी आणि मी बंब नेला होता सोमेश्वरी.

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगतलं होतं. गणपतीच्या वख्ताले. म्हणलं, सहाच्या जागी चार करा नाई तं बुधवार करा. तुमीच म्हणल्या होत्या, 'टाइम म्हणजे टाइम, सोयीनुसार बदलाले हे काय आटो आहे काय?' सगळे हासले होते."

मला आठवत नव्हतं. पण वाक्य माझंच होतं, शंभर टक्के. वांग्याच्या झाडात तोंड लपवता आलं असतं तर लपवलं असतं.

"अन् आमी गरीब कवापासून झालो, ताई?" भावना म्हणाली, आणि आता तिचा आवाज जरा कापला. "टिनाचं घर आहे म्हून? माह्या लिस्टमधी नंबर आला तवा मी काय काय ठरोलं होतं, तुमाले कायले सांगू. श्रावण मले म्हणे, आता पुन्हा त्या हॉलमधी नाई जायचं. मी दोन दिवस जेवली नाई."

"मी काय करू, सांग," मी म्हणाले. खरंच विचारत होते. मला एकही उपाय सुचत नव्हता.

तिनं हातातलं वांगं ओट्यात टाकलं. मग म्हणाली, "नियम तीस घरायसमोर सांगतला, अन् माफी वांग्यायसमोर मांगून राह्यल्या."

मी ओळ संपवली, त्या दिवशीची सहाची प्रार्थना चुकली. हातात सात काटे मोडले. दिवस मावळायला आला तेव्हा टोपली उचलता उचलता तिनं सांगितलं, "माहा नंबर अजून गेला नाई. येत्या गुरुवारी सगळ्यायले इथं घेऊन या. चार वाजता. अन् बिस्किटं तुमी आणजा. नियमात बसते तेवढेच."

त्या आठवड्यात मी दारोदार फिरले. सूचना वाचली असती तर एका मिनिटात झालं असतं, पण मी घरोघरी जाऊन विचारलं, "चार वाजता जमेल का?" कौशल्याबाईंना कमाल वाटली. "तू अन् विचारून राह्यली? तब्येत ठीक आहे ना?" विचारल्यावर मला कळलं की दोघींना सहाची वेळ कधीच सोयीची नव्हती, आणि एका म्हाताऱ्या आजींना संध्याकाळी दिसत नाही म्हणून त्या येत नाहीत. तेही आम्ही थांब्यावरच सोडलेले. त्यांचीही नावं मी वहीत लिहिली.

गुरुवारी चारला बघते तर वाडीच्या बांधावर चौतीस माणसं. इतकी तर पाटवडीलाही नव्हती. कौशल्याबाई जरीच्या साडीत आल्या होत्या. भावनानं त्यांना आपादमस्तक बघितलं, एक जुनं धुडकं त्यांच्या कमरेला बांधलं आणि हातात टोपली दिली. "आधी तोडा, मंग प्रार्थना. देठ ठेवून पिळा. किडका दिसला तं वेगळा टाका. पोट्टेहो, मेथीत नोका जाऊ." आवाज चढवला नाही, पण चौतीस माणसं ओळींत शिरली. पास्टर बाह्या सरसावून वाकले. चंद्रभानकाका जागे होते. दोघांना अंधार पडेपर्यंत पुरणारं काम सव्वा तासात उरकलं. श्रावण पोती शिवत होता आणि त्याच्या मिशीत हसू मावत नव्हतं. तरी माझ्याकडं त्यानं अजून नीट बघितलं नव्हतं.

विहिरीजवळ सतरंज्या टाकल्या. काकांनी शास्त्रातला भाग वाचला. बोलायची पाळी माझी होती, आणि पास्टरांसोबत पंचही समोर बसले होते. मी आठवडाभर तयारी केली होती, पण उभी राहिले आणि पाच मिनिटांत आटोपलं. गोठ्यामागून धूर येत होता आणि त्या धुराला असा काही वास होता की कोणाचंच लक्ष माझ्याकडं नव्हतं. माझंही नव्हतं.

प्रार्थना संपली आणि श्रावणनं गोवऱ्यांच्या आरातून रोडगे बाहेर काढायला सुरुवात केली. कणकेचे मुठीएवढे गोळे, वरून करपलेले, आतून मऊ. फडक्यानं राख झटकायची, फोडायचे आणि तुपाच्या गंजात म्हणजे पातेल्यात बुडवायचे. सोबत त्याच वाडीतल्या वांग्यांची झणझणीत भाजी आणि वरण. चौतीस जणांचं. पहाटेपासून दोघं राबले असणार. कौशल्याबाईंनी पत्रावळीत पडलेला रोडगा बघितला आणि त्यांच्या तोंडून एवढंच निघालं, "बाप्पा!" ज्यांना नाश्ता झेपत नव्हता त्यांनी सगळ्या यादीला एका पंगतीत मागं टाकलं होतं.

मीही पंगतीत बसले. भावना वाढत वाढत माझ्यापर्यंत आली. पत्रावळ ठेवली नाही. माझ्यापुढं एक कप चहा ठेवला, बशीत दोन बिस्किटं ठेवली. मीच आणलेली.

"नियम," ती म्हणाली.

पंगतीतल्या माना माझ्याकडं वळल्या. कुठं बघावं ते कळेना. त्या रविवारी भिंतीला टेकून ती कशी बसली असेल ते मला तेव्हा कळलं, आणि पुस्तकातून ते मला कधीच कळलं नसतं. पास्टरांकडं बघितलं. ते तुपात रोडगा कुस्करत होते, मान खाली. मदत मिळणार नव्हती.

मी उभी राहिले. "भावनाला मी न विचारता गरीब ठरवलं," मी म्हणाले. "तिच्या घरी कधी आले नाही. तिनं वेळ बदलायला सांगितली होती, तेव्हा मी ते हसण्यावारी नेलं. चूक माझी आहे. नियम मी मागं घेते. गुरुवार आतापासून चार वाजता, आणि ज्याच्या घरी जे असेल ते. नसेल तर पाणी. आणि कोणी आलं नाही तर मी त्याच्या घरी जाऊन विचारीन."

आवाज मोठा नव्हता. तरी शेवटच्या माणसापर्यंत गेला असावा, कारण आजी म्हणाल्या, "ऐकू आलं, बाई. बस आता, थंड होऊन राह्यलं."

भावनानं चहाचा कप उचलून बाजूला ठेवला. पत्रावळ मांडली, एक सोडून दोन रोडगे ठेवले आणि इतकं तूप ओतलं की ते पत्रावळीच्या कडेपर्यंत आलं. मागून श्रावणनं हाक दिली, "ताईले भाजी वाढ, भाजी. तिखट घे म्हणा." मला हसूही आलं आणि डोळ्यात पाणीही. तिखटाच्या आधीच.

"जेवणाची प्रार्थना कोण करते?" चंद्रभानकाकांनी विचारलं. सगळ्यांनी सवयीनं माझ्याकडं बघितलं. तोंड उघडलंही होतं मी. मग मिटलं, आणि भावनाकडं वळले.

"तू करशील का?"

सगळ्यांसमोर तिनं कधीच प्रार्थना केली नव्हती. तिनं तुपाचा हात पदराला पुसला, डोळे मिटले.

"प्रभू येशू," ती म्हणाली, "पीक चांगलं देल्लं, तुझे उपकार. एवढे लोक आमच्या वाडीवर आले, तुझे उपकार. तोडा झाला, उद्याच्या बाजाराची फिकीर नाई. अन् आमच्या सुरभीताईले गुरुवार देशीन तं दे. फक्त त्यायले आधी विचाराले शिकव, मंग सांगाले. बाकी बाई चांगली आहे. आमेन."

पंगतीनं आमेन म्हटलं. सगळ्यात मोठं आमेन मुकेशचं होतं, त्याच्या खालोखाल पास्टरांचं. माझं जरा उशिरा आलं. पण आलं, आणि मग मी रोडगा फोडला.